सोमवारचे बांगडे

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा." मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कुठल्या नोकरीतले ते विचारायचं राहूनच गेलं. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात मी चोवीस वर्षं उभी राहिले, ती एक नोकरी. तिथून निवृत्त झाल्यापासून मी घरी स्वयंपाक करते, त्याचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकते आणि लोकांकडून पैसे घेते, ही दुसरी. पहिल्या नोकरीबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही, तेव्हा संपादकांना दुसरीतलेच अनुभव हवे असणार, असं धरून चालते. आमचे यजमान या दुसऱ्या नोकरीला नोकरी मानत नाहीत. "आमच्या घरात आता आधी फोन जेवता, मागीर मी," असं ते आल्यागेल्याला सांगतात. त्यात खोटं काही नाही. ताट वाढलं की आधी त्याचा फोटो होतो आणि तोवर त्यांची आमटी निवते.

तरीही पहिल्या नोकरीबद्दल चार ओळी लिहितेच. गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत्या पट्ट्यावरून येत. एका स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या. एखादा खड्डा रिकामा राहिलेला असला किंवा गोळी फुटलेली असली, की ती स्ट्रिप उचलून लाल क्रेटमध्ये टाकायची. एवढंच काम, पण आठ तास. पहिले सहा महिने झोपेतही पट्टा सरकताना दिसायचा. नंतर मात्र डोळ्याने पाहायच्या आधी हात जायला लागला. सुपरवायझर म्हणायचा, "शोभाबाय पट्ट्यार आसली काय माका चेक करूची गरज नाय." पगारवाढ कधी त्या मानाने मिळाली नाही, पण या वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

माझ्या शेजारी सहा वर्षं सुनीता उभी असायची. ती मूळची चंदगडकडची, नवरा इथल्याच एका कारखान्यात वेल्डर. ती कंत्राटावर होती. कंत्राट संपलं तेव्हा रडत बसली नाही. वसाहतीच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत डबे सुरू केले. एकटे राहणारे कामगार तिचं गिऱ्हाईक, काही कोल्हापूर-बेळगावचे, काही सावंतवाडी-दोडामार्गचे, काही आपले इथलेच. भाकरी आणि झणझणीत रस्सा तिच्या हातचा होताच. पण आपल्या लोकांना बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी नुस्त्याचं हुमण लागतं, म्हणजे माशांची आंबट-तिखट कढी, आणि ते काही तिला येत नव्हतं. ते ती माझे व्हिडिओ बघून शिकली. हळूहळू चाळीस डबे झाले. भेटली की म्हणायची, "अक्का, माझ्या डब्यात निम्मा हात तुमचा हाय." मला बरं वाटायचं. कोणाला वाटणार नाही?

आता दुसरी नोकरी. लेक लग्न होऊन शारजाला गेली आणि तिने हुमण कसं करायचं ते फोनवर विचारलं. सांगून कळेना, म्हणून फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि करूनच दाखवलं. तिने ते सगळ्यांना बघायला टाकून दिलं. चार दिवसांत ओळख ना देख अशा बायका मला बाय म्हणायला लागल्या. पानाला नाव पडलं 'शोभाबायचें रांधप'. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली: "आज आमगेर काय रांधलां, बगा." दुसरं वाक्य मी कधी शोधलं नाही.

लोकांना वाटतं, बघणारे वाढले की फोनमधून नोटा पडतात. पडतात त्या चहा-भज्यापुरत्या. खरे पैसे देतो तो कोणीतरी विकणारा. त्याला तेल खपवायचं असतं, तवा खपवायचा असतो, हॉटेलच्या खोल्या भरायच्या असतात. त्याला माझं हुमण नको असतं, माझं ऐकणारी माणसं हवी असतात, आणि ती मी त्याला दोन मिनिटांसाठी भाड्याने देते. हे असं कोणी बोलून दाखवत नाही. 'सहकार्य' म्हणतात. ते विनाशुल्क असेल तर समोरून एक बरणी लोणचं येतं आणि आपण तीन दिवस राबतो.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा मॅनेजर आला, त्याला सगळं 'ऑथेंटिक' हवं होतं. मी घरात मॅक्सी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून रांधते. तो म्हणाला, "मॅडम, थोडं ऑथेंटिक करा ना. नऊवारी, केसात अबोलीचा वळेसर." मी म्हटलं, "अहो, ही मॅक्सी शंभर टक्के ऑथेंटिक आहे, पेडण्याच्या बाजारातून घेतलीय." त्याने चूलही आणली होती. ती फायबरची होती, आत लाल दिवा लागायचा. शेवटी मी नऊवारी नेसले आणि त्या दिव्यावर कालवण ढवळलं. शेजारीण कुंपणावरून वाकून म्हणाली, "खंयच्या नाटकात काम गावलां गे?"

डिचोलीचा एक मिक्सरवाला आला. त्याची अट एकच, 'रगड्यासारखंच वाटप होतं', म्हणजे दगडी रगड्यावरच्यासारखं नारळ-मिरचीचं वाटण होतं, असं म्हणायचं. मी ताठ मानेने सांगितलं, रगड्याची सर मिक्सरला येणार नाही, आणि माझ्या तोंडून ते निघणार नाही. तो बिचारा खूप भारावला. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत," म्हणत गेला. तो गेल्यावर मी संध्याकाळचं वाटप मिक्सरमध्ये लावलं. रगडो व्हिडिओपुरता. मनगटं आता राहिली नाहीत, आणि मिक्सरचा आवाज आला की बघणारे पळतात. आणखी एक गृहस्थ आहेत, ते गिऱ्हाईक नव्हेत, पण त्यांना विसरता येत नाही. प्रत्येक व्हिडिओखाली ते विचारतात, "बाय, तेल खंयचें?" सोलकढीच्या व्हिडिओखालीसुद्धा.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग मसालेवाले आले.

बाहेरची कंपनी. नाव लिहीत नाही, लिहून तिचं काही बिघडणार नाही आणि माझं भलं होणार नाही. तयार 'फिश करी मसाला' होता. तीन व्हिडिओंचे जे पैसे त्यांनी सांगितले ते ऐकून मी आधी फोन दुसऱ्या कानाला लावला. गरज होती असं म्हणणार नाही. हावरटपणा होता. कपडे धुवायचं मशीन घ्यायचं मनात होतं, एवढंच. बोलणारी मुलगी गोड होती. "मॅम, आम्हाला तुमचा खरेपणा फार आवडतो," म्हणाली, आणि तो खरेपणा कसा दाखवायचा याचं दोन पानी पत्रक पाठवलं. आठव्या सेकंदाला पाकीट, नाव समोर. चव घेताना डोळे मिटायचे. 'अगदी माझ्या वाटपासारखं!' हे वाक्य सहज म्हणायचं. 'सहज'खाली रेघ होती.

मी आधी त्या पाकिटाचं हुमण करून बघितलं, इतकी तरी मनाची लाज होती. लवंग, दालचिनी आणि आमचूर. कुठल्या तरी माशाला चालत असेल, बांगड्याला नाही. बांगड्याच्या हुमणाला लवंगेचा वास म्हणजे मयताला अत्तर लावून गेल्यासारखं. आमच्या यजमानांनी एक घास घेतला. "हां बांगड्याचां हुमण काय लग्नातलो पुलाव?" ते विचारते झाले. उठले नाहीत, पण कढी परत मागितली नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं आधी एकदाच झालं होतं.

त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. मी काय केलं ते सांगते. बुधवारी बांगडे आणले, रोजच्यासारखं माझं वाटप केलं, नारळ, मिरची, धणे, हळद, चिंच, त्यात ठेचलेली तिरफळं. त्याचं हुमण केलं. शेजारी पाकीट उभं केलं, नाव समोर. आणि कॅमेऱ्यासमोर पाकीट फोडून त्यातली चिमूटभर पूड आत घातली, म्हणजे अगदीच खोटं नको. डोळे मिटून चव घेतली आणि म्हटलं, "अगदी माज्या वाटपासारख्यां!" होतंच ते माझं वाटप. पैसे घेऊन केलेली जाहिरात असली की तसं लिहावं लागतं. मीही लिहिलं, पण इतक्या खाली की तिथवर जायला बस पकडावी लागली असती.

कंपनीने कळवलं, सोमवारी सकाळी टाका, सोमवारी लोक जास्त बघतात. मी सोमवारी टाकला.

आमच्याकडे सोमवार शिवराक असतो, हे वाचकांत बाहेरचे असतील त्यांच्यासाठी सांगते. शिवराक म्हणजे नुस्तें नाही, मटण नाही, अंडं नाही. अर्ध्या गावाचा सोमवार असतो. माझा लग्नाआधीपासूनचा, माहेरी सुर्ल्याला असल्यापासून. तो मी ना बाळंतपणात सोडला ना आजारपणात, आणि हे अख्ख्या पेडण्याला ठाऊक आहे, कारण मीच ते दर सोमवारी व्हिडिओत सांगत आले. पट्ट्यावर चोवीस वर्षं एक रिकामा खड्डा सुटला नाही ती मी, सोमवारी सकाळी देवाला दिवा लावून उठले आणि बटण दाबलं: "आज आमगेर बांगड्याचां हुमण रांधलां, बगा."

दुपारी मी मुगागाठी वाढली. यजमानांनी ताटाकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं.

"गो, तुजो व्हिडिओ सांगता आज आमगेर हुमण. मगे माज्या ताटात मूग कित्याक?"

मला तेव्हा कळलं. पण फोन तोवर तापून लाल झाला होता. 'शोभाबाय, सोमार सोडलो?' 'देवाक तरी लाईक विचारलंस?' सुर्ल्याहून भावाचा फोन आला. तो ट्रकवर असतो, घाईत असतो, पण आवाज हळवा करून म्हणाला, "बाय, बरां मगे सगळां? डॉक्टरान सांगलां काय सोमारी नुस्तें खावंक?" मंगळवारी बाजारात गेले तर नेहमीची मासळीवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. "काय गे, सोमारचे बांगडे खंय गावले तुका? माजेकडे तर सोमारी कावळो पन येना!" सगळा बाजार हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

मी सगळ्यांना एकच सांगत होते, अहो, ते बुधवारी केलेलं. त्यावर एकाने लिहिलं, "मगे 'आज' कित्याक म्हणलंस?"  खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता, की एक 'आज' खोटा निघाला तर माणसं पुढचंही तपासतील, आणि त्यांनी तपासलं तर काय सापडेल. पण भांडण बघायला गर्दी जमते. दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला. मसालेवाली मुलगी खुशीत होती: "मॅम, काय रिस्पॉन्स आहे! दर वेळी सोमवारीच टाकू या." मशीन घरी आलं. मी गावच्या थट्टेत रमले आणि समजले की या प्रकरणाची किंमत एवढीच.

पंधरा-वीस दिवसांनी आठवड्याच्या बाजारात सुनीता भेटली. पिशवीत नुसती वांगी. मी चिडवलं, "काय गो, शुक्रवार उद्यार आयलो, नुस्तें घेवंक नाय?" ती हसली, पण तिचं नेहमीचं हसू नव्हतं. म्हणाली, "नको अक्का. नुस्त्याचं डबं परत येत्यात. आठ माणसं सोडून गेली. वास येतोय म्हणत्यात, औषधाचा."

"कसलो वास?"

"काय की. तुमी केलं तसंच केलं की वो. तुमचा तो मसाला आणला, चौदा पाकिटं. वाटप करायला रोज दोन तास जायचं, वाटलं, अक्का सांगत्यात म्हणजे चांगलाच असंल. तुमचं अगदी वाटपासारखं होतंय, माझंच न्हाई होत. माझा हात बिघडला बघा."

इथे मी थांबून वाचकांना खरं ते सांगते, कारण पुढचं लिहायला मला लाज वाटते. तिथेच, वांग्यांच्या ढिगाशेजारी, मी तिला सांगू शकले असते. एक वाक्य होतं. तिने मला दोषही दिला नव्हता, स्वतःच्या हाताला दिला होता. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तिरफळां घातलंस काय? तिरफळां घालून बघ."

ती "व्हय काय? ती घालून बघते," म्हणाली. मी भाजी न घेताच घरी आले.

आठवड्याने तिचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे कुकरची शिटी होती. "अक्का, तिरफळं घातली वो. ह्या खेपेला आणि दहा बंद झालं. अठरा गेलं एकूण. कालवणाचा हातच गेला माझा. रस्सा-भाकरीवर जेवढं राहतील तेवढं बघायचं." तो मी चार वेळा ऐकला. यजमान जेवत होते, त्यांनीही ऐकला. ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तिका सांग." थट्टा नव्हती त्यात. या माणसाने गंभीर आवाज काढला की मला घाबरायला होतं.

मी सांगायचं ठरवलं. आणि कसं सांगायचं ठरवलं ते बघा. मी व्हिडिओ केला.

त्यात मी सगळं कबूल केलं. पाकीट फोडून खरोखर त्याचं हुमण केलं, चव घेतली, तोंड वाकडं झालं ते तसंच ठेवलं. म्हटलं, त्या दिवशीचं हुमण माझ्या वाटपाचं होतं, मी पैसे घेऊन खोटं बोलले. आणि मग सांगितलं की माझं ऐकून माझ्या एका मैत्रिणीचे तुयेतले नुस्त्याचे डबे बंद पडले. नाव घेतलं नाही. आवाज भरून आला. खराच भरून आला होता, पण एकदा अडखळले म्हणून तो भाग परत केला, आणि दुसऱ्यांदाही भरून आला.

खोटं दोन लाखांनी बघितलं होतं. खरं बघायला अकराशे आले. त्यातल्या एकाने लिहिलं, 'आता दुसरी कंपनी गावली दिसता.' तेलवाल्या गृहस्थांनी तेल विचारलं. मसालेवाल्या मुलीने फोन करून काढून टाका म्हटलं, मी नाही म्हटलं, तर उरलेले दोन व्हिडिओ रद्द झाले. मला खूप हलकं वाटलं. आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं. मशीन परत केलं नाही, तेही लिहून टाकते. रोज धुतं.

सुनीताचं काहीच आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, चार. मी रोज त्या अकराशेत तिचं नाव शोधत होते. शेवटी यजमान म्हणाले, "मोबाइलात कित्याक सोदतस? बस जाता मगे तुयें." पाचव्या दिवशी सकाळी मी तुयेला गेले.

सुनीताच्या स्वयंपाकघरात जमिनीवर डब्यांच्या रांगा होत्या. एका बाजूला मांडलेले, दुसऱ्या बाजूला उपडे घालून ठेवलेले, वापरात नसलेले. ती पोळ्या लाटत होती. "या," म्हणाली, पण लाटणं थांबवलं नाही. मी पाटावर बसले आणि घरून ठरवून आणलेलं बोलायला लागले. माझं चुकलं, लोभ झाला, तुझ्या हातात काही दोष नव्हता, तो मसालाच... बरीच बोलले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नाहीये. ती फळीवर बघत होती, मग खिडकीत, मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे.

"फोन कुठं हाय तुमचा?" तिने विचारलं.

"पिशयेत. कित्याक?"

"चालू हाय?"

 ती लाटणं खाली ठेवून माझ्याकडे वळली. "मी बघितला वो तुमचा व्हिडिओ. पहिल्याच दिवशी बघितला. तुमी लोकांना सांगितलं. मला न्हाई सांगितलं. बाजारात मी समोर हुते, तवा तिरफळं घाल म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि माझं नाव न्हाई घेतलंत, पण वसाहतीत नुस्त्याचं डबं करणारी दुसरी कोण हाय? आता सगळ्यांना म्हाईत झालं, सुनीताचं डबं बंद पडलं. राहिलेत ती पण विचारायला लागली, चालू ठेवणार हाईस की न्हाई."

मी खोटं बोलले तेव्हा तिचं नुकसान केलं होतं. खरं बोलले तेव्हाही केलं, आणि वर स्वतःवर खूश होते. कधी नव्हे इतकी मी त्या पाटावर लहान झाले.

"पिशवी भाईर ठेवून या," ती म्हणाली.

मी पिशवी बाहेर पायरीवर ठेवली आणि आत येऊन बसले.

"आता सांगा."

घरून आणलेली वाक्यं पिशवीबरोबर बाहेरच राहिली होती. "सुनीता, मी तुका फसयलां," एवढंच तोंडातून आलं, आणि मग रडूच आलं. तिने मला रडू दिलं. दोन पोळ्या भाजल्या, तिसरी लाटली.

"हां," मग ती म्हणाली. "आज बावीसच डबं हायत. साडेबाराला गेटवर द्यायचं. तुमी संगट या. ती अठरा जणं तिथंच असत्यात, कँटीनचं खायाला भाईर येत्यात. त्यांना तुमीच सांगा, एकेकाला. माझा हात गेला न्हवता म्हणून."

"सांगतंय."

"आणि ते 'आज आमगेर' न्हाई म्हणायचं."

"नाय म्हणूचंय."

साडेबाराला मी त्या गेटसमोर उभी होते जिथून चोवीस वर्षं आत गेले आणि बाहेर आले. वॉचमन नवा होता, मला ओळखत नव्हता. शेजारी सुनीता डबे घेऊन. पिशवी तिच्या पायरीवरच राहिलेली, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. व्हिडिओत दोन लाख माणसांसमोर बोलताना पहिलं वाक्य मी कधी शोधलं नाही. अठरा माणसांसाठी शोधत होते.

भोंगा झाला. पहिला बाहेर आला तो दोडामार्गकडचा, सुनीता पुटपुटली, "ह्यो एक." त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि चालता चालता थांबला. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, आणि हसून इकडेतिकडे बघायला लागला.

"बाय, व्हिडिओ करतंस? खंय बघूचां?"

"माजेकडे बघ," मी म्हटलं. "व्हिडिओ नाय रे. हकडे ये, माका तुका एक सांगूचां आसा."